वरचं बिल बदललं, खालच्या ओळी मात्र जुन्याच?

विंडोज फॉर्म्समध्ये (डॉटनेटमधली विंडोजचे प्रोग्राम बनवण्याची सोय) वरच्या ग्रिडमध्ये बिलं आणि खाली निवडलेल्या बिलातल्या वस्तू असा फॉर्म केला, की बरेच जण वरची ओळ बदलल्याच्या इव्हेंटमध्ये कोड लिहून खालची यादी फिल्टर करतात. सॉर्टिंग केलं किंवा ओळ डिलीट केली, की हमखास गडबड होते. १०४ नंबरच्या बिलाखाली १०३ च्या वस्तू दिसतात! त्या कोडची गरजच नाही.

१. डेटासेटमध्ये (प्रोग्रामच्या मेमरीतला टेबलांचा संच) बिलं आणि वस्तू या दोन टेबलांमध्ये डेटारिलेशन, म्हणजे त्यांना जोडणारं नातं, तयार करा, समजा ‘बिल_वस्तू’.
२. वरच्या बाइंडिंगसोर्सचा (डेटा आणि ग्रिड यांच्यामधला दुवा) डेटासोर्स म्हणजे डेटासेट, डेटामेंबर म्हणजे बिलांचं टेबल.
३. खालच्या बाइंडिंगसोर्सचा डेटासोर्स म्हणून वरचा बाइंडिंगसोर्सच द्या. सगळी खुबी इथेच आहे. डेटामेंबरमध्ये रिलेशनचं नाव लिहा, वस्तूंच्या टेबलाचं नाही. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.
४. दोन्ही ग्रिड आणि बिलाचे टेक्स्टबॉक्स या बाइंडिंगसोर्सनाच जोडा. एखादा टेक्स्टबॉक्स थेट टेबलाला जोडलेला राहिला, तर तो पहिल्याच बिलावर अडकून बसतो. चालू ओळ प्रत्येक सोर्सची वेगळी असते ना.

आता वर कुठल्याही बिलावर क्लिक करा, खालची यादी आपोआप बदलते.

एक सांभाळा: नवीन बिलाची ओळ एंडएडिट (चालू ओळीतले बदल पक्के करणारी मेथड) होईपर्यंत टेबलात जातच नाही. म्हणून खाली पहिली वस्तू भरण्याआधी वरच्या बाइंडिंगसोर्सवर एंडएडिट करा. सेव्ह करतानाही आधी वरच्यावर, मग खालच्यावर.