उभ्या ट्रकमध्ये डॅशकॅम चालू ठेवायचाय? वायरिंगच्या या चुका टाळा

ट्रकचं बरंच नुकसान गाडी उभी असताना होतं. कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर, न्हावा शेवाच्या रांगेत किंवा तुर्भ्यात एपीएमसीच्या आसपास रात्र काढलेल्या कुणालाही विचारा. टाकीतलं डिझेल जातं, ताडपत्रीची दोरी कापली जाते, मागे येणारा ट्रेलर आरसा उडवून निघून जातो. चावी काढली की डॅशकॅमही झोपतो, म्हणून बरेच मालक आता हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणारं किट, बसवून घेतात. मग थोड्याच दिवसांत तक्रार येते: रात्रीचं रेकॉर्डिंगच नाही, नाहीतर सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. दोष कॅमेऱ्यावर येतो, कॅमेरा बदलला जातो आणि नवा कॅमेराही तेच करतो. माझं ठाम मत आहे की अशा दहातल्या बहुतेक गाड्यांत कॅमेरा चांगलाच असतो, चुकलेली असते ती लाईन कुठून घ्यायची ती जागा.

किटला तीन वायरी असतात. एक कायम चालू असलेल्या लाईनची, ती साधारणपणे पिवळी. दुसरी चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाईनची, म्हणजे एसीसी, ती बहुधा लाल. तिसरी काळी, अर्थिंगची. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळे रंगावर न जाता वायरीवरचं लेबल वाचा. किटमधला छोटा डबा गाडीचा व्होल्टेज उतरवून कॅमेऱ्याला ५ व्होल्ट देतो, आणि बॅटरी ठरलेल्या पातळीखाली गेली की कॅमेरा बंद करतो, यालाच कट-ऑफ म्हणतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक: एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेणं

मोठ्या ट्रकमध्ये १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मालकाने कारसाठीचं स्वस्त किट आणलेलं असतं. वायरमन म्हणतो, "शेठ, काळजी नको, एका बॅटरीवरून घेतो, बारा मिळतात." आणि खरंच मिळतात. कॅमेरा लागतो, सगळे खूश होतात.

आता त्या दोन बॅटऱ्यांचं काय होतं ते पाहा. कॅमेरा रात्रभर एकाच बॅटरीतून करंट ओढतो, दुसरी भरलेलीच राहते. सकाळी इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास देतो आणि दोघींतून सारखाच करंट जातो. रिकामी झालेली कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट चढत जातं. भरलेलीला गरजेपेक्षा जास्त चार्जिंग मिळतं, ती गरम होते, तिचं पाणी आटतं. काही महिन्यांत दोन्ही निकामी. बॅटरीच्या दुकानात तेव्हा "बॅटरीच खराब निघाली" एवढंच कानावर येतं, कारण कॅमेऱ्याच्या वायरीकडे कुणी पाहतच नाही. टेप किंवा एफएम आधीच अशा एका बॅटरीवर जोडलेले असतील, तर तेही काढून घ्या.

इंजिन बंद करून तासाभराने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कुठूनतरी मधल्या जोडावरून लाईन गेली आहे किंवा एक बॅटरी कमजोर झाली आहे. उपाय सोपा आहे: पूर्ण २४ व्होल्टवर चालणारं किट घ्या. डब्यावर '१२ ते ३० व्होल्ट' किंवा त्याहून वरची मर्यादा छापलेली असावी. नुसतं '२४ व्होल्ट' लिहिलेलं पाहून फसू नका, चालत्या ट्रकमध्ये २८ व्होल्ट येतात हे लक्षात ठेवा. फक्त १२ व्होल्टचं किट थेट २४ वर लावलं तर ते तिथल्या तिथे जळतं.

किट शक्यतो कॅमेऱ्याच्याच कंपनीचं घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत चावी बंद झाल्याचा इशारा केबलच्या वेगळ्या पिनमधून जातो. पिन बसते म्हणून भलतीच केबल लावली, तर करंट मिळतो पण पार्किंग मोड, म्हणजे उभ्या गाडीतलं रेकॉर्डिंग, सुरूच होत नाही.

लाल आणि पिवळी एकाच फ्यूजवर

दोन्ही वायरी कायम चालू लाईनवर गेल्या तर कॅमेऱ्याला गाडी थांबल्याचं कळतच नाही. तो रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करत राहतो, कार्ड भरून जुनं पुसतो आणि बॅटरी खातो. दोन्ही चावीच्या लाईनवर गेल्या तर चावी काढताच कॅमेरा मेला. तपासायला मल्टीमीटर पुरतो. चावी काढल्यावर पिवळ्यावर व्होल्टेज हवा, लालवर शून्य. चावी फिरवल्यावर दोन्हींवर हवा.

इथे एक बारीक खाच आहे. नव्या गाड्यांत काही फ्यूज चावी काढल्यानंतरही थोडा वेळ चालू राहतात आणि मग स्वतःहून बंद होतात. वायरमन लगेच मोजतो, २४ दिसतात, तो निघून जातो आणि अर्ध्या तासाने कॅमेरा बंद. म्हणून पिवळीसाठी हॅझर्ड लाईटसारखा खरोखर कायम चालू फ्यूज निवडा आणि तो अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. ब्रेकचं एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर (ईसीएम), स्टिअरिंग यांच्या फ्यूजला हात लावू नका. जीपीएस यंत्राच्या वायरीतून फाटाही काढू नका.

मेन स्विचचं काय?

अनेक ड्रायव्हर झोपण्याआधी बॅटरीचा मेन स्विच खाली करतात. सवय चांगली आहे, पण केबिनच्या फ्यूज बॉक्सवरून लाईन घेतली असेल तर त्या स्विचबरोबर कॅमेराही जातो. मालक म्हणतो कॅमेरा बंद पडला, ड्रायव्हर म्हणतो मी काही केलं नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात. आधी ड्रायव्हरला विचारा: "दादा, रात्री मेन स्विच काढता का?" त्यावर पुढचं सगळं ठरतं.

काढत असेल तर स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून स्वतंत्र लाईन घ्यावी लागते. अशा लाईनला बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. हा फ्यूज कॅमेऱ्यासाठी नसून वायरीसाठी आहे. तो केबिनमध्ये लावला, तर बॅटरीपासून केबिनपर्यंतची वायर कुठेही घासून चासीला टेकली की आग लागू शकते. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी तांब्याची तार गुंडाळायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कृपा करून हे करू नका, आणि कुणी केलेलं दिसलं तर तिथल्या तिथे काढायला लावा.

पेट्रोल, एलपीजी किंवा केमिकलच्या टँकरवर मात्र मेन स्विच चुकवून लाईन घेऊच नका. तिथे तो स्विच सगळी वीज तोडण्यासाठीच दिलेला असतो. तळोजा किंवा उरणकडे जाणाऱ्या टँकरवाल्यांनी चालत्या गाडीतल्या रेकॉर्डिंगवर समाधान मानावं, हे मी स्पष्टच सांगतो.

युरिया लागणाऱ्या बीएस-६ गाड्यांत चावी काढल्यावर लगेच मेन स्विच खाली करू नये. युरियाची सिस्टीम स्वतःला साफ करून घेते, तेवढी मिनिटं तिला द्या.

केबिन उचलली की तुटणारी वायर

बॅटरी चासीवर, कॅमेरा केबिनमध्ये आणि मधे केबिन पुढे झुकवायचा बिजागर. थेट लाईन घेताना वायर नेमकी तिथून जाते. वायरमन ती नीटनेटकी दिसावी म्हणून ताणून टायने बांधतो. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक केबिन उचलतो, वायर ताणली जाते. ती अख्खी तुटली तर बरं, निदान लगेच कळतं. बहुतेकदा आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. केबिन खाली आल्यावर टोकं पुन्हा टेकतात, गॅरेजमध्ये कॅमेरा चालतो आणि सायन-पनवेल रस्त्यावर खड्डा लागला की बंद. अशी तक्रार आली की बिजागराजवळची वायर चिमटीत धरून वाकवून पाहा, आत काही नाही हे बोटाला कळतं. कंपनीचा मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) तिथून ज्या वळणाने गेलाय त्याच वळणाने, त्याच्या इतकीच सैल, कोरुगेटेड पाईपमधून वायर न्या. बांधण्याआधी एकदा केबिन पूर्ण उचलून पाहा.

अर्थिंगचंही केबिनशी नातं आहे. केबिन रबराच्या माउंटवर बसते आणि चासीला एका जाळीदार पट्टीने जोडलेली असते. खाडीकाठच्या दमट हवेत आणि आपल्या पावसाळ्यात ती पट्टी गंजते. रंगावर बसवलेला बोल्टही नीट अर्थिंग देत नाही. रंग खरवडून, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बोल्ट कसा आणि वर ग्रीस लावा. बॉडी बिल्डरने लाकडी चौकटीवर बांधलेली जुनी केबिन असेल तर काळी वायर सरळ चासीवर किंवा बॅटरीच्या निगेटिव्हवर न्या.

कट-ऑफ किती ठेवायचा

शांत बॅटरीवर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली जवळपास संपलेली. २४ च्या गाडीला हे आकडे दुप्पट करा. किटवर ११.६ किंवा २३.२ असे खालचे पर्याय असतात, ते रेकॉर्डिंग जास्त वेळ मिळावं म्हणून. ट्रकसाठी ते वापरू नका. २४.४ किंवा त्याच्या वरचा पर्याय असेल तर तो, नाहीतर २४ चा ठेवा, छोट्या गाडीला १२.२ ते १२.४. पोर्टच्या गेटवर नंबर लागलेला असताना गाडी चालू न होण्याइतकं महाग कोणतंही रेकॉर्डिंग नाही. किटवर १२/२४ चं वेगळं बटण असेल तर तेही पाहा. २४ च्या गाडीत ते १२ वर राहिलं, तर बॅटरी पार मरेपर्यंत कट-ऑफ लागत नाही.

दोन लेन्सचा कॅमेरा साधारण ५ वॅट खातो. २४ व्होल्टवर, किटमधला तोटा धरून, पाव अँपिअर. रात्रीच्या १२ तासांत ३ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता मोजायचं माप), म्हणजे १०० एएचच्या बॅटऱ्यांना काहीच नाही. पण सुट्ट्या लागून गाडी चार दिवस उभी राहिली की २४ एएच जातात, आणि जुन्या बॅटरीला तेवढं पुरतं. छोट्या हत्तीसारख्या १२ व्होल्टच्या गाडीत तर दिवसाला १२ एएच जातात. ४०-५० एएचची बॅटरी दोन दिवसांत निम्म्यावर येते.

वायरिंग बरोबर, तरी फुटेज नाही

मग सेटिंग आणि कार्ड पाहा. धक्का ओळखणारा जी-सेन्सर 'हाय'वर असेल तर शेजारून गेलेला प्रत्येक ट्रेलर गाडी हलवतो, प्रत्येक वेळी फाईल लॉक होते आणि लॉक फायलींनी जागा भरते. गर्दीच्या जागी सेन्सर 'लो' ठेवा आणि टाईम-लॅप्स लावा. कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच घ्या, महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद केबिनमधल्या कॅमेऱ्याची आतली लिथियम बॅटरी फुगू शकते. नवा घेताना त्या बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (उष्णता जास्त सोसणारा वीज साठवणारा भाग) असलेला घ्या.

समोर पाहणाऱ्या कॅमेऱ्याला डिझेलची टाकी दिसत नाही, ही साधी गोष्ट खूप उशिरा लक्षात येते. डिझेलसाठी कॅमेरा लावत असाल तर आरशाच्या दांड्यावर टाकीकडे पाहणारा वॉटरप्रूफ साईड कॅमेरा हवा.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी गाडी तिथेच बंद करा, ड्रायव्हर रोज करतो ते सगळं करा, मेन स्विचसकट. अर्ध्या तासाने बंपरवर जोरात थाप मारा आणि मोबाईलवर ती फाईल उघडून दाखवायला सांगा. तारीख-वेळ बरोबर आहे का तेही त्याच वेळी बघा. खरंच काही घडलं तर क्लिप कापून व्हॉट्सॲपवर फिरवत बसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फाईल हाताशी असेल तर ते काम सोपं होतं. कार्ड काढा, पाकिटात घालून त्यावर गाडी नंबर आणि तारीख लिहा, कॅमेऱ्यात दुसरं कार्ड टाका.