बर्लिनमध्ये करीवुर्स्ट खाताना

बर्लिनमध्ये करीवुर्स्ट मागितल्यावर टपरीवाला बहुधा ‘मिट ओडर ओन डार्म?’, म्हणजे सॉसेज आवरणासह हवे की आवरणाविना, असे विचारतो. उत्तर तयार नसले तर मागची रांग खोळंबते. आवरणाचे सॉसेज दाताखाली कुरकुरते, तर बिनआवरणाचे मऊ असते आणि बर्लिनची खासियत मानले जाते, म्हणून पहिल्यांदा तेच मागवावे. कागदी तबकात सॉसेजचे तुकडे, वर टोमॅटोचा दाट सॉस आणि त्यावर भुरभुरलेली करी पावडर, असे त्याचे रूप असते. करी या नावावरून आपल्या रश्शाची अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण चव आंबटगोडच असते.

४ सप्टेंबर १९४९ रोजी शार्लोटेनबुर्ग भागात हेर्टा हॉयवर यांनी आपल्या टपरीवर हा पदार्थ प्रथम विकल्याचे सांगितले जाते.

खायला जायचे तर एबर्सवाल्डर श्ट्रास स्थानकाजवळ, यू-२ मेट्रोच्या उंच लोखंडी पुलाखाली असलेले कोनोप्के गाठावे. १९३० पासूनच्या या टपरीवर, तेव्हाच्या पूर्व बर्लिनमध्ये, १९६० पासून करीवुर्स्ट मिळू लागले, आणि डोक्यावरून गाडी धडधडत जात असताना उभ्याने खाण्याची मजा मला तरी बंदिस्त हॉटेलात आलेली नाही. क्रॉइत्सबेर्गमधील मेहरिंगडाम रस्त्यावरचे ‘करी ३६’ही प्रसिद्ध आहे. सॉसेज बहुधा डुकराच्या मांसाचे असते. ते वर्ज्य असल्यास ‘वेगान’ म्हणून विचारावे, आणि खिशात थोडी रोकड ठेवावी.