गावातल्या पेशंटसोबत दवाखान्यात कसं उभं राहायचं

कोरोना गेला पण आमच्याकडे लोकं दवाखान्याला जे भ्यायले ते भेव काही अजून गेलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला तेव्हापासून काहीजणांनी बीपीची गोळी बंद केली ती केलीच, तीन-तीन आठवडे खोकतात आणि म्हणतात हवा बदलली म्हणून होते. अशा माणसाला "दवाखान्यात जा" म्हणून काही उपयोग नाही, "चाल, मी येतो सोबत" म्हणावं लागते. त्यासाठी कुठलं सर्टिफिकेट लागत नाही. मी कसं करतो ते सांगतो.

पहिलं काम घरी बसल्या होते. आशाताईला विचारा, कोणाची गोळी बंद आहे, कोणाला सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार) आहे, कोणाचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला (याची थुंकी टीबीसाठी तपासायलाच पाहिजे, सरकारी दवाखान्यात फुकट होते). तिला सारं गाव माहीत असते, फक्त तिला कोणी विचारत नाही.

दुसरं, थैली. कपाशीच्या बियाण्यासोबत मिळालेली एक थैली मी खुंटीला टांगून ठेवली आहे, पेशंट निघाला की त्याचे कागद त्यात. रेशनकार्ड, आधार, जुन्या चिठ्ठ्या, एक्सरे, आणि रिकाम्या गोळ्यांची पाकिटं, कारण "पांढरी गोळी होती जी" यावरून डॉक्टरला काहीच समजत नाही. आधारवर आणि रेशनकार्डवर नाव सारखं आहे का ते आजच पाहा, कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर काढून ठेवा. एकात गंगुबाई आणि दुसऱ्यात गंगाबाई, एवढ्यावरून ऑपरेशन अडून राहते, आणि तहसीलचे चकरे पेशंट भरती असताना कोण मारणार?

दवाखान्यात पोचल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी उपचार योजनेचं काम पाहणारा माणूस, कुठे बसतो ते शोधा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत आणि पांढरं कार्डवालेही त्यात येतात, पण दवाखाना योजनेत असला पाहिजे आणि तो आजारही यादीत असला पाहिजे, म्हणून निघायच्या आधीच १५५३८८ वर फोन करून विचारा. नागपूरचं मेडिकल कॉलेज असो का सेवाग्रामचा दवाखाना, पैसे भरून टाकल्यावर योजना आठवून फायदा नाही. गाडी नसली तर १०८, बाळंतपणासाठी १०२.

डॉक्टरसमोर भाषण द्यायचं नाही. वहीत चारच प्रश्न: काय झालं आहे, कोणती तपासणी, किती दिवस, किती खर्च. उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा, डॉक्टर चिडले तरी चालते, आपल्याला काही त्यांच्याशी सोयरीक करायची नाही.

आता बिल. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. मोठे बाबा कोरोनात एका खासगी दवाखान्यात भरती होते, बिल तीन पानांचं आलं आणि मी फक्त खालचा आकडा पाहिला, काकूची पोत गहाण टाकली आणि भरून आलो. सहा महिन्यांनी समजलं की सरकारने २१ मे २०२० लाच खासगी दवाखान्यांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते, जनरल वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर असला तर ९,०००. आमच्या बिलात वॉर्डचेच साडेसहा हजार लावले होते. तेव्हापासून मी बिल ओळीओळीने मागतो, पेन घेऊन बसतो, एका तारखेला एकच गोष्ट दोनदा लावली का ते पाहतो. दरपत्रक भिंतीवर लावायचं असते, ते कुठे आहे विचारा. केसपेपरची कॉपी लेखी मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असते. आणि बिल बाकी आहे म्हणून मयत अडवून ठेवता येत नाही, २०२१ पासून राज्याच्या नियमातच आहे ते. कोणी अडवत असेल तर भांडत बसू नका, सिव्हिल सर्जनच्या नावाने अर्ज लिहा आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे आपण घरीच बसलो होतो असं समजा.

ज्या घरातला माणूसच गेला तिथलं काम वेगळं. कोरोनाच्या ५०,००० रुपयांच्या मदतीत आमच्या गावात एक घर मागे राहत होतं कारण मृत्यूच्या दाखल्यावर कारणात कोरोना लिहिलंच नव्हतं. पण पॉझिटिव्ह रिपोर्ट आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो धरायचा होता, आणि त्या वहिनीने रिपोर्ट पिठाच्या डब्याखाली जपून ठेवला होता म्हणून निभावलं. विधवा बाईसाठी संजय गांधी निराधारचे महिन्याला १,५०० असतात, अर्ज तहसीलला, उत्पन्नाचा दाखला आधी काढा. आई किंवा बाप गेलेलं लेकरू असेल तर बालसंगोपन योजनेचं अंगणवाडीताईला विचारा.

घरी आणल्यावर पेशंटला सोडून देऊ नका, खरी गडबड तिथेच होते, बरं वाटलं की गोळी बंद. मागच्या महिन्यात एका मावशीची पुढची तारीख कॅलेंडरवर गोल करून आलो. त्यांना वाचता येत नाही, म्हणून सांगितलं, दोन बाजार झाले की तिसऱ्या बाजारच्या आदल्या दिवशी जायचं. त्या बरोबर त्याच दिवशी सकाळी सातला थैली घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, मीच झोपेत होतो.