फौजदारी कोर्टाची तारीख चुकली? मग या चुका टाळा

तारीख चुकली की बहुतेक जण गप्प बसतात, आणि सगळं बिघडतं ते तिथे. ‘पुढच्या तारखेला जाऊ’ म्हणत आठवडे जातात. तोवर पुकारा, म्हणजे कोर्टात तुमच्या नावाची हाक, होऊन गेलेला असतो, रोजनाम्यात, म्हणजे केसच्या रोजच्या नोंदींत, ‘आरोपी गैरहजर’ असं लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा वॉरंटही निघालेलं असतं. कधी जामीनपात्र, कधी थेट अजामीनपात्र, म्हणजे आपण ज्याला पकड वॉरंट म्हणतो ते. पुढची तारीख उलटली म्हणून वॉरंट आपोआप संपत नाही. कोर्टाने ते रद्द करेपर्यंत किंवा पोलिसांनी बजावेपर्यंत ते कायम राहतं.

त्याच दिवशी लक्षात आलं तर कोर्ट उठायच्या आत पोचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी वकिलांसोबत स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. आपण होऊन आलेल्या माणसाकडे आणि पोलिसांनी धरून आणलेल्या माणसाकडे कोर्ट एकाच नजरेने बघत नाही. कारण खरं लिहा, आजारी होतात तर त्याच तारखेचा दवाखान्याचा कागद जोडा. खोटं मेडिकल सर्टिफिकेट कृपा करून देऊ नका, त्यातून नवा गुन्हा अंगावर येऊ शकतो.

‘वकिलांना सकाळी फोन केला होता’ एवढ्याने भागत नाही. हजेरी माफीचा अर्ज पुकाऱ्याआधी द्यावा लागतो, आणि अर्ज दिला म्हणजे तो मंजूर झाला असं नाही. संध्याकाळी त्यावर काय आदेश झाला ते विचारून घ्या. आरोप निश्चितीच्या किंवा आरोपीच्या जबाबाच्या तारखेला माफी गृहीत धरूच नका.

जामीनदाराचा विचार तर कुणाच्या मनातच येत नाही. सातबारा घेऊन तुमच्यासाठी उभ्या राहिलेल्या मामांना कोर्टाची नोटीस जाते: ‘बंधपत्राची (जामिनासाठी लिहून दिलेल्या हमीची) रक्कम जामीनदार म्हणून तुमच्याकडून वसूल का करू नये?’ तारीख चुकल्याचं त्यांना आधी तुमच्या तोंडून कळू द्या.

जामिनावर सुटून पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. त्यापुढे लपत राहिलात तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याच्या, कलम 84 प्रमाणे हजर होण्याची जाहीर उद्घोषणा निघते, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि तरीही आला नाहीत तर तीन वर्षांपर्यंत, गंभीर गुन्ह्यांत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तारखेसाठी फक्त वकिलांच्या डायरीवर विसंबू नका. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, जवळ ठेवा, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख दिसते. वकील परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवेची हेल्पलाइन आहे.

चेक बाउन्सवाल्यांनी तर जास्तच जपावं. पैसे देऊन बाहेर मिटवलं, पण कोर्टात पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, दिली नाही, तर केस बोर्डावर (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या यादीत) तशीच चालू राहते आणि वॉरंटही निघतं.