सुगीच्या दिवसांत कबड्डीचा सराव : भार मोजायचा कसा

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत भाताची कापणी आणि कबड्डीचा सराव एकाच वेळी सुरू होतो. दिवसभर कापणी करून, भारे वाहून आलेला पोरगा संध्याकाळी मैदानात उतरतो तेव्हा तो आधीच अर्धा दमलेला असतो. वहीत मात्र फक्त सरावाचा तास लिहिला जातो. घोटे आणि मांड्या इथंच जातात.

भार मोजायला घड्याळ आणि वही पुरते. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारा, ० ते १० मध्ये किती जड गेलं? मिनिटांना त्या आकड्यानं गुणा. ६० मिनिटं आणि ७ म्हणजे ४२०. एकेकाला बाजूला घेऊन विचारा, नाहीतर कर्णधार ५ म्हणाला की सगळे ५ म्हणतात. शेतकामाचा वेगळा रकाना ठेवा : पाच तास कापणी, जडपणा ४, म्हणजे १२००. त्या संध्याकाळी पकडी नकोत. वीस मिनिटं पायांची चपळाई, साखळीची हालचाल, आणि घरी.

सहा आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात चार दिवस, ५० मिनिटं, जडपणा ६ : सरावाचे १२००. दुसऱ्यात १३२०, तिसऱ्यात १४५०. चौथ्यात मुद्दाम १००० वर या, पाचव्यात परत १४५०, सामन्याच्या आठवड्यात ७०० पुरे. दिवाळीत पाच-सहा दिवस सुटले तर ते भरून काढायला जाऊ नका, एक आठवडा मागचा आकडा धरा. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्ये, म्हणजे अशाच धरपकडीच्या खेळात, हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, तयारी नोव्हेंबरपासून आणि मध्ये नाताळची सुट्टी. सुट्टीनंतरची घाई तिथंही महागात पडते.

पकडींची मोजणी वेगळी, कारण मिनिटांत त्यांचा मार दिसत नाही. पहिला आठवडा पकड नाही, फक्त पवित्रा आणि हात कुठं जातो ते. दुसऱ्यात अर्ध्या वेगानं माणशी १०, तिसऱ्यापासून पूर्ण वेगानं २०, आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये ४८ तास. घोटा पकडणाऱ्या कोपरारक्षकाची बोटं आणि खांदा रोज तपासा.

पहाटे डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर धावण्याची आपल्याकडं फार हौस. नडगी दुखते, चढाई सुधारत नाही. चढाई ३० सेकंदांची, त्यात थांबणं, वळणं, झेप. म्हणून १३ × १० मीटरच्या मैदानातच ३० सेकंद जोरात, ३० सेकंद चालणं, असं सहा वेळा; तीन मिनिटं विश्रांती, मग परत. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर बसून, जोडीदारानं घोटे धरून, हळूहळू पुढं झुकायचं : सुरुवातीला ४ चे दोन सेट. दुसऱ्या दिवशी मांडी धरते, तेव्हा पकडीच्या आदल्या दिवशी नको.

मातीत खडे वेचून आदल्या संध्याकाळी पाणी मारा. कोरडी लाल माती वळताना घसरते, फार ओली चिखल होते.

वजनगटाच्या स्पर्धेआधी पाणी तोडणं सगळ्यात वाईट. सरावाआधी आणि नंतर वजन करा : ६५ किलोच्या पोराचं १.३ किलो घटलं तर वजनाच्या दोन टक्के पाणी अंगातून गेलं. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यायला द्या. वजन उतरवायचंच असेल तर पहिल्या आठवड्यापासून, भाकरी थोडी कमी करून. उसळ तेवढीच ठेवा.