नॅनोकॉम्पोझिट फिल्मची जाडी मोजताय? या चुका टाळा

पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या पॉलिमरच्या द्रावणात चांदीचे नॅनोकण मिसळले, काचेवर स्पिन कोटिंग केलं (काच वेगाने फिरवून पातळ थर पसरवला), आता जाडी हवी. मग विभागात जे उपकरण मोकळं असेल त्यावर सॅम्पल चढतं. घोळ इथेच होतो. फिल्ममध्ये काय आहे आणि ती कशावर आहे, यावरून पद्धत ठरवा.

सर्वांत जास्त फसवते एलिप्सोमेट्री. हे उपकरण थेट जाडी मोजतच नाही. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणातला बदल मोजतं. जाडी निघते मॉडेलमधून. नुसत्या पीव्हीएला कॉशी मॉडेल (तरंगलांबीनुसार अपवर्तनांक कसा बदलतो याचं साधं सूत्र) छान बसतं, कारण तो दृश्य प्रकाशात पारदर्शक. चांदी आली की साधारण ४०० नॅनोमीटरच्या आसपास प्लाझ्मॉन शोषण (चांदीतल्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक कंपनामुळे होणारं) दिसतं, आणि साध्या कॉशीत शोषणाला जागाच नाही. सॉफ्टवेअर तरीही आकडा देतं, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत! म्हणून आधी यूव्ही-व्हिझ (अतिनील ते दृश्य प्रकाशाचा) शोषण वर्णपट घ्या. शोषण जवळपास नसलेल्या लांब तरंगलांबीच्या पट्ट्यात जाडी फिट करा, ती कायम धरा, मग उरलेल्या पट्ट्यासाठी मॉडेलमध्ये ऑसिलेटर (शोषण दाखवणारं पद) घाला. काचेच्या मागच्या पृष्ठावरून येणारं परावर्तनही गोंधळ घालतं. मागे अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली तरी बराच फरक पडतो. फिल्म १० नॅनोमीटरपेक्षा पातळ असेल तर जाडी आणि अपवर्तनांक एकाच वेळी फिट करू नका, दोन्ही एकमेकांत गुंततात.

स्टायलस प्रोफाइलोमीटर (फिल्म आणि उघडी काच यांच्यातल्या पायरीवरून सुई फिरवून उंची मोजणारं उपकरण) सरळ वाटतो, पण मऊ पॉलिमरवर त्याची सुई चर पाडते. त्याच रेषेवर पुन्हा स्कॅन करा. पायरीची उंची बदलली तर बल कमी करा. पायरीसाठी आधी टेप लावून कोटिंग केलं तर टेपच्या कडेशी द्रावण साचतं. फिल्म वाळल्यावर ब्लेडने ओरखडा काढणं बरं, तोही मध्यभागी. आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडचा विद्युतवाहक थर असलेल्या) काचेवर मात्र ब्लेड खालचा थरही खरवडू शकतं.

एक्स-रे परावर्तन खडबडीत फिल्मवर वाया जातं, फ्रिंज (आलेखातले चढउतार, ज्यांच्या अंतरावरून जाडी निघते) पुसट होतात. १०० नॅनोमीटरच्या फिल्मला कॉपर के-अल्फा एक्स-रेवर दोन फ्रिंजांमधलं अंतर २θ (डिटेक्टरचा कोन) मध्ये जेमतेम ०.०९ अंश असतं, त्यामुळे मोठ्या स्टेपने स्कॅन करू नका. वजनावरून जाडी काढायला फिल्मची घनता लागते; ती कुठून आणली, ते आधी सांगावं.

आणि एसईएमची (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) जाडी प्रोफाइलोमीटरपेक्षा कमी आली तर लगेच उपकरणाला दोष देऊ नका. पीव्हीए हवेतली आर्द्रता शोषून फुगतो, एसईएमच्या निर्वातात ते पाणी निघून जातं. मुंबईच्या जुलैत हा फरक नक्की तपासा. मोजमापाआधी सॅम्पल डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि आर्द्रतेची नोंद करा.