कालव्याकाठचा पब: बोटीने जाताना या चुका टाळा

रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. बोट बांधून, बुटांचा चिखल पायपुसण्यावर काढून आम्ही पबचं दार ढकललं, तर काउंटरमागच्या बाई हळहळल्या, "किचन नऊला बंद झालं हो." त्या रात्री सासूबाई आणि मुलांसकट सगळ्यांनी खारे दाणे आणि वेफर्सच्या पाकिटांवर भागवलं. चूक आमचीच होती आणि ती सकाळीच झाली होती. नकाशावर आठ मैल दिसले, पण मधले दहा लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दारबंद हौद) आम्ही हिशेबात धरलेच नव्हते.

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे लांबट अरुंद बोट, घेऊन निघणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. वेगमर्यादा ताशी 4 मैल असते, पण बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग आणखी कमी करावा लागतो. म्हणून तिथले बोटवाले मैल आणि लॉक यांची बेरीज करतात आणि तिला तीनने भागतात. आठ मैल, दहा लॉक म्हणजे सहा तास. ग्रँड युनियन कालव्यावर स्टोक ब्रुअर्नला दक्षिणेकडून आलात, तर गावात पोचायला सात लॉक चढावे लागतात. नुसत्या त्यालाच दोन तासांच्या वर लागतात. वर पोचल्यावर समोर ‘बोट इन’ दिसतो. हा गवताने शाकारलेला पब 1877 पासून पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याने चालवला. तिथे उपाशी आणि उशिरा पोचणं जिवावर येतं.

खेड्यातल्या बऱ्याच पबमध्ये दुपारचं जेवण दोन-अडीचला संपतं आणि मग किचन थेट सहाला उघडतं. सोमवारी-मंगळवारी काही ठिकाणी जेवणच नसतं, आणि रविवारचा रोस्ट (भाजलेल्या मांसाचं जेवण) संध्याकाळ व्हायच्या आत संपलेला असतो. म्हणून सकाळी चहा घेतानाच फोन करून टेबल सांगून ठेवा. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळं मागे गेली की पाचच्या आत सूर्य मावळतो, आणि भाड्याच्या बोटी अंधारात चालवायला बहुतेक कंपन्या मनाई करतात, हेही लक्षात असू द्या.

पबसमोर रिकामी जागा दिसली म्हणून लगेच दोर टाकू नका. लॉकच्या दोन्ही बाजूंचे खुंट हे लॉक चालवणाऱ्यांना उतरता यावं म्हणून असतात. तिथे बोट बांधून जेवायला गेलात, तर मागून येणाऱ्याला उतरायला जागाच उरत नाही. कालवा एका बाजूला रुंद झालेला दिसला तर ती बोटी वळवायची जागा. सतरा-अठरा मीटरची बोट तिथेच वळते, त्यामुळे तिथेही थांबायचं नाही. काठावरच्या पाटीवर किती तास थांबता येईल ते लिहिलेलं असतं. पबची स्वतःची जागा असेल तर आत जाऊन विचारा, लोक आनंदाने सांगतात.

आत गेल्यावर टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. टेबलाचा नंबर बघा, काउंटरवर जा, तिथेच सांगा आणि पैसे द्या. हातपंपाने ओढलेली एल (पारंपरिक इंग्लिश बियर) गरम आहे अशी तक्रार आपली मंडळी हमखास करतात. ती 11 ते 13 अंशांनाच द्यायची असते, त्या तापमानाला तिची चव खुलते. आधी अर्धा पाइंट, म्हणजे 284 मिलिलिटर, घेऊन बघा.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. पारंपरिक एल स्वच्छ करायला अनेकदा माशाच्या वाताशयापासून काढलेला पदार्थ वापरतात, म्हणून व्हीगन एल आहे का ते विचारा. आणि चिप्स, म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी, कशात तळतात? काही ठिकाणी गाईची चरबी असते, काही ठिकाणी मासे तळलेल्याच तेलात बटाटा पडतो. प्लाउमन्स लंचमध्ये पाव, चेडर, लोणचं आणि कांदा असतो, पण सोबत हॅम येतं का तेवढं पक्कं करा.

सर्वात कळकळीने सांगायचं ते हे: त्या दिवसाचे सगळे लॉक संपल्याशिवाय पहिला पाइंट घेऊ नका. लॉकमध्ये खाली उतरताना वरच्या दाराशी पाण्याखाली सिमेंटचा उंबरठा असतो. तो कुठवर आहे ते भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेवरून कळतं. बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं आणि पाणी उतरत राहिलं, तर बोट पुढून बुडते, आणि हे काही मिनिटांत होतं. पॅडलपाशी, म्हणजे लॉकमधलं पाणी सोडणाऱ्या झडपेपाशी, उभ्या असलेल्या माणसाची नजर बोटीवरून हलता कामा नये.

परतताना टोपाथवर, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवर, दिवे नसतात. विजेरी प्रत्येकाच्या खिशात हवी. बोटीच्या कडेची पायपट्टी दवाने निसरडी झालेली असते, म्हणून छपरावरची दांडी धरूनच पाऊल ठेवा. आत जाण्यापूर्वी दोर एकदा हाताने ओढून बघा. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या ओढीने मऊ मातीतले खुंटे सैल झालेले असतात.